डाव्या विंगेतला प्रॉम्प्टर

माझ्या हाताखाली नाटक शिकलेल्या बहुतेकांना ‘ती शांतता’ माहीत आहे. मिठागरावर काम करणाऱ्या माणसाला त्याची बायको विचारते, ‘जमिनीच्या कागदावर सही केलीत का?’ आणि तो काहीच बोलत नाही. उभा राहतो. बघणाऱ्यांना नकोसं होईल इतका वेळ उभा राहतो. आधुनिक नाटकात न बोललेलं वाक्य बोललेल्या वाक्यापेक्षा मोठं कसं असतं, हे समजावताना मी दरवर्षी हेच उदाहरण द्यायचो. विद्यापीठात शिकत असताना गावातल्या एका न शिकलेल्या नटाकडून मी ते करून घेतलं, असं सांगायचो.

तो नट माझा थोरला भाऊ होता. बाकीचं खरं नाही.

आम्ही उरणजवळच्या मोऱ्याचे. दादा लाँचवर खलाशी होता. मोऱ्याहून भाऊच्या धक्क्याला जाणाऱ्या लाँचचा दोर फेकायचा, उतारूंना हात धरून फळीवरून आत घ्यायचा आणि सुटायची वेळ झाली की धक्क्याच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल अशी हाक द्यायचा. त्या आवाजामुळेच गावच्या नाट्यमंडळात नायकाचं काम त्याच्याशिवाय दुसऱ्या कुणाला मिळत नसे. देवीच्या जत्रेला दरवर्षी नाटक व्हायचं. कधी ऐतिहासिक, कधी रडकं कौटुंबिक. बाईच्या कामाला मुंबईहून एक नटी यायची, बाकी सगळे गावचेच. दिवसभर कुणी होडीवर, कुणी मिठागरावर. तालमी जेमतेम व्हायच्या आणि पाठांतर त्याहून कमी. नाटक उभं राहायचं ते प्रॉम्प्टरच्या जिवावर.

प्रॉम्प्टर मी होतो. हायस्कुलात असल्यापासून डाव्या विंगेत पुस्तक आणि कंदील घेऊन बसायचो. आज हे काम कुणाला फारसं माहीत नाही म्हणून सांगतो. नट श्वास घेतो तेवढ्या फटीत पुढच्या वाक्याचे पहिले दोन-तीन शब्द फेकायचे असतात. लवकर फेकले तर नट गडबडतो, उशिरा फेकले तर पहिल्या रांगेतल्या बायकांना ऐकू जातात. दादा चौथीपर्यंत शिकलेला, वाचायचा ते बोट ठेवून. पण दोन शब्द कानावर पडले की अख्खं वाक्य तो असं काही उचलायचा की ते त्यालाच आत्ता सुचलंय असं वाटावं. वाक्य अडलं की त्याच्या उजव्या हाताचा अंगठा तर्जनीवर घासायला लागायचा, दोराचा पीळ चाचपून बघावा तसा. तेवढी खूण मला पुरायची. इतक्या वर्षांत तो अंगठा घासला आणि वाक्य गेलं नाही, असं एकदाही झालं नव्हतं.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीला मी विद्यापीठात नाटक शिकायला लागलो. सकाळी दादाच्याच लाँचने जायचो, संध्याकाळी त्याच्याच लाँचने परत. तो दोर गुंडाळून माझ्या शेजारी येऊन बसायचा.

“काय रं मास्तर, आज काय शिकवला?”

“पॉज शिकवला. नटाने बोलायचं नाही, नुसतं थांबायचं.”

“त्याला कालेज कनाला पायजे? तुजी वयनी मना रोज शिकवते.”

इंजिनाजवळ बसलेले हसायचे, मीही हसायचो. पण हळूहळू ते हसणं मला खटकायला लागलं. विद्यापीठात आमच्या विभागात एक रिकामी खोली होती, नेपथ्याच्या लाकडी चौकटी होत्या आणि आमचे सर होते. ते कधी आवाज चढवत नसत. चौथी भिंत म्हणजे काय, नटाने आतून कसं जगावं, शब्दांच्या खाली काय वाहत असतं, हे ते हळू आवाजात सांगायचे आणि आम्ही श्वास रोखून ऐकायचो. एकदा प्रॉम्प्टरचा विषय निघाला. सर म्हणाले, “ज्या नटाला विंगेतून वाक्य लागतं, तो नट नव्हे, भोंगा.” सगळे हसले. माझे कान तापले. मी कुठून आलोय आणि काय करत आलोय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला स्वतंत्र प्रयोग बसवायचा होता. मी स्वतःच नाटक लिहिलं. नवं शहर यायला लागलं होतं, आमच्या बाजूची मिठागरं आणि शेतं कागदावर आधीच गेली होती. त्यावरच होतं. ते गावातच, गावच्या माणसांना घेऊन करतो म्हटल्यावर सर खूश झाले. “मी स्वतः बघायला येईन,” म्हणाले. त्या रात्री जेवताना मी दादाला सांगितलं की मुख्य काम तू करायचंस, आणि या वेळी प्रॉम्प्टर नाही.

“मंग तू कुटं बसनार?”

“लोकांत. सरांच्या शेजारी.”

त्याने भाताचा घास तसाच हातात धरला. “आनि मी?”

“तुला सगळं पाठ असेल.”

“जमल,” तो म्हणाला. मग वहिनीकडे बघून पुन्हा म्हणाला, “तो म्हनतं तं जमल.”

दुसरी अडचण वेळेची होती. गावचं नाटक जेवणं आटोपल्यावर सुरू होऊन पहाटेपर्यंत चालायचं. सरांना त्याच दिवशी परत जायचं होतं. ओहोटी लागली की मोऱ्याला लाँच धक्क्यापर्यंत येत नाही, चिखलात बसते. भरतीचा हिशेब दादानेच केला. “दुपारच्याला सुरू कर. दिवा लागाच्या आत पानी हाय, तुज्या सरांना मीच नेऊन घालीन.” म्हणून जत्रेच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, मंडपाच्या कापडातून ऊन झिरपत असताना नाटक करायचं ठरलं. यात काही वावगं आहे हे आम्हा दोघांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नाही. रात्री नटाच्या डोळ्यांवर दिवे असतात, समोर नुसता काळोख. दादाने आयुष्यात प्रेक्षकांचे चेहरे पाहिलेच नव्हते.

तालमी लाँचवर झाल्या, घरी झाल्या, मंडळाच्या खोलीत झाल्या. तो बाकी सगळं नीट करायचा. अडायचा तो शेवटच्या प्रवेशात. बायको विचारते, सही केलीत का, आणि त्यावर त्याचं दीड पानी भाषण होतं. मी ते फार मेहनतीने लिहिलं होतं. वर्गात वाचून दाखवलं तेव्हा सरांनी मान डोलावली होती. दादाला ते कधी येई, कधी मधूनच निसटे. मुंबईहून येणारी नटी चाळिशी उलटलेली, असली शंभर मंडळं पाहिलेली बाई होती. दोनच तालमींना आली, पण दुसऱ्या तालमीत मला बाजूला घेऊन म्हणाली, “अहो, अर्धं भाषण मला द्या. मी विचारते, ते हो-नाही म्हणतील. माणूस घाबरलाय.”

मी म्हणालो, “भाषण तसंच राहील.”

“राहू दे बाई. लेखक तुम्ही,” ती म्हणाली आणि केस बांधायला लागली.

प्रयोगाच्या सकाळी दादा मला मंडपामागे घेऊन गेला. दाढी करताना त्याला हनुवटीवर कापलं होतं. “पुस्तक नको घेऊस,” तो म्हणाला. “वाक्य पन नको देऊस. नुसता तिकरं बस. डाव्या अंगाला. तू दिसला का मना बरा वाटल.”

एवढं मी कबूल केलं. सरांना पहिल्या रांगेत खुर्ची दिली आणि डाव्या विंगेत रिकाम्या हातांनी जाऊन उभा राहिलो. पुस्तकाची मला गरजही नव्हती. शब्द न् शब्द माझा होता.

नाटक चांगलं चाललं होतं. हे मी आजही म्हणतो. शेवटच्या प्रवेशापर्यंत दादाने एकही वाक्य सोडलं नाही. समोर बायका मासळीच्या पाट्या बाजूला ठेवून बसल्या होत्या, मागे पुरुष उभे, लाँचचा तांडेल, मंडळाचे जुने लोक, धक्क्यावरची पोरं. दादाला ते सगळे स्वच्छ दिसत होते. नटीने विचारलं, “सही केलीत का?”

दादाने तोंड उघडलं. काही आलं नाही.

त्याने एकदा समोर पाहिलं, ओळखीच्या इतक्या चेहऱ्यांकडे. मग मान किंचित डावीकडे वळवली. त्याचा अंगठा तर्जनीवर घासायला लागला.

भाषणाचं पहिलं वाक्य होतं, ‘मीठ पिकतं तेव्हा आवाज होत नाही.’ त्यातले दोन शब्द पुरले असते. ते माझ्या जिभेवर होते. मी तोंड उघडलं. आणि त्याच वेळी विंगेच्या फटीतून मला सर दिसले. ते खुर्चीत पुढे झुकले होते, चष्मा काढून हातात घेतला होता. वर्षभरात मी त्यांना कुणाच्याही कामाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं. मला कळलं की हे त्यांना आवडतंय, भाषणापेक्षा जास्त. आणि मी तोंड मिटलं.

मला दिसलं नाही, मी गोंधळलो, उशीर झाला, असं काही झालं नाही. मला दिसलं आणि मी तोंड मिटलं.

सुरुवातीला मंडपात खरंच शांतता होती. मग कुणीतरी खोकलं. मग मागून एक पोरगा ओरडला, “इंजिन बंद परला रं!” आणि हशा उठला. एकाने शिट्टी वाजवली. दुसरा म्हणाला, “दोर फेका, ओढून काढा!” बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. काही हसत नव्हत्या. दादा अजून माझ्याकडे बघत होता. अंगठा थांबला होता.

शेवटी नटीच उठली. पुढे होऊन तिने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला आणि म्हणाली, “राहू दे. कळलं मला.” पडदा ओढणाऱ्याला तिनेच हाताने खूण केली.

शाळेच्या ज्या वर्गात रंगभूषा चालली होती तिथे ती खोबरेल लावून तोंड पुसत बसली होती. मी आभार मानायला गेलो. ती आरशातूनच बोलली. “तिथंच होतात ना तुम्ही? तोंड उघडलंत, मिटलंत. पाहिलं मी.”

“तुम्हाला काय म्हणायचंय?”

“काही नाही. माझ्या नाइटचे पैसे द्या, लाँच गाठायचीय. दिवसाढवळ्या केली तरी नाइटच म्हणतात तिला, काळजी नको.”

सरांना मी धक्क्यावर सोडायला गेलो. वाटेत ते एकटेच बोलत होते. लोकांना ती शांतता सोसली नाही म्हणून ते हसले, म्हणाले. यातच तुझं यश आहे, म्हणाले. दादा लाँचवर आधीच पोचला होता, तोंडावरचा रंग कानाच्या मागे तसाच राहिलेला. त्याने सरांचा हात धरून त्यांना फळीवरून आत घेतलं. सरांनी तो हात सोडला नाही. “काय उभे राहिलात हो! कुठून आणलीत ही ताकद?”

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाण्याकडे बघत होतो.

“त्यानं शिकवला तसा केला,” दादा म्हणाला आणि दोर सोडायला वळला.

मला वर्गात पहिला क्रमांक मिळाला. त्याच जोरावर पुढे शिकवायची नोकरी मिळाली. पुढच्या जत्रेच्या आधी मंडळाचे लोक दादाकडे गेले तेव्हा तो म्हणाला, आता पोरांना करू दे. त्यांनीही फार आग्रह केला नाही. तो पुन्हा कधी स्टेजवर चढला नाही. धक्क्यावर मात्र ते नाव चिकटलं. दोर टाकायला जरा वेळ लागला की कुणीतरी ओरडायचं, “इंजिन बंद!” तोही हसायचा. आधी ओरडणाऱ्यांना कारण ठाऊक होतं, नंतरच्या पोरांना वाटायचं त्याचं नावच ते आहे. मी सुटीला गेलो की ते मला ऐकू यायचं. मी लाँचच्या आत जाऊन बसायचो.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी वाशीला फ्लॅट घेतला. सोसायटीत बँकेतले, विम्यातले, कोकणातून आणि देशावरून आलेले लोक होते, नाटकवेडे. एका रविवारी त्यांनी खालच्या हॉलमध्ये माझं व्याख्यान ठेवलं. नेमका त्याच दिवशी दादा उरणच्या बसने वालाच्या शेंगा घेऊन आला. शेंगांची पिशवी पायाशी ठेवून मागच्या रांगेत बसला. तो आहे हे मला माहीत होतं. तरीही मी ती गोष्ट सांगितली. सवय झाली होती. किंवा तो काही बोलणार नाही याची खात्री होती, हे जास्त खरं.

व्याख्यान संपल्यावर कुणीतरी त्याला ओळखलं. नाक-डोळे माझ्यासारखेच. एक गृहस्थ उत्साहाने म्हणाले, “म्हणजे तुम्हीच का ते? आणि तुम्हाला खरंच इतका वेळ गप्प राहायला सांगितलं होतं?”

“हो,” दादा म्हणाला. “तो म्हनला गप ऱ्हाव. मी ऱ्हायलो.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादाने हात जोडले.

संध्याकाळी त्याला बस स्टॉपवर सोडायला गेलो. त्या वेळी वाशीचे रस्ते रुंद आणि रिकामे होते, झाडं गुडघ्याएवढी. आम्ही स्टॉपवर येऊन उभे राहिलो. मग मी विचारलं, “दादा, तू तसं का सांगितलंस?”

“मंग काय सांगू? तुज्या बिल्डिंगीत, तुज्याच लोकांसमोर?” तो थोडा हसला. मग बस येते का ते बघत, माझ्याकडे न पाहता म्हणाला, “मना वाटला तू देशील. अंगठा घासला मी. तुना दिसला नसल.”

एवढ्या वर्षांत त्याने तो विषय एकदाच काढला, आणि काढताना माझ्यासाठी दार उघडं ठेवलं. मला नुसतं ‘दिसला होता’ म्हणायचं होतं. त्याने शिवी दिली असती, फार तर महिनाभर बोलला नसता.

“नाही दिसला, दादा,” मी म्हणालो.

“त्येच म्हनताव मी,” तो म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं मला दिसलं. “तवा ऊन व्हता ना. उनात नाय दिसत.” बस आली. चढताना म्हणाला, शेंगा आजच खा, उद्या राठ व्हतील.

त्या वेळच्या न दिलेल्या वाक्याचं मी कधीतरी समर्थन करू शकलो असतो. मी तरुण होतो, एका क्षणात ते घडलं. बस स्टॉपवरच्या त्या तीन शब्दांचं समर्थन मला आजवर सापडलेलं नाही. आणि त्यानंतरही मी वर्गात ती गोष्ट सांगत राहिलो.

दादा जाऊन आता बरीच वर्षं झाली. ज्यांनी ज्यांनी ते उदाहरण माझ्याकडून ऐकलं, पुढे आपल्या विद्यार्थ्यांना सांगितलं, त्यांना हे सांगायचं आहे की तिथे कुणीही, काहीही बसवलेलं नव्हतं. एक माणूस वाक्य विसरला होता. तो ज्याच्याकडे बघत होता त्याला ते येत होतं. इतकंच.

मी हे आधी लिहिणार होतो, पण धाडस झालं ते मागच्या हिवाळ्यात वहिनीला भेटून आल्यावर. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, डोळ्यांनी कमी दिसतं. ओट्यावर बसून आम्ही इकडचं तिकडचं बोलत होतो. धक्का आता किती बदललाय वगैरे. मी म्हणालो, वहिनी, त्या नाटकाबद्दल तुला काही सांगायचंय. तिने मला पुढे बोलूच दिलं नाही.

“त्याला तुजा त्यो भासन पाट व्हता,” ती म्हणाली. “सगला.”

“नव्हता, वहिनी. तिथेच तर तो अडला.”

“मांगून पाट केला. त्या वरसालाच. लाँचवर इंजिनाच्या बाजूला बसून म्हनाचा, कोनाला आयकू नको जावाला. घरान पन म्हनाचा. कंदी कंदी झोपेन. मना बोलाचा, कोनी इचारला तं आता येते मना.”

कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

“तुला आठवतं का?” मी विचारलं.

तिने डोळे मिटले आणि म्हणायला लागली. “मीठ पिकतं तवा आवाज व्हत नाय. पान्याला पन म्हाईत नसते का त्याचा मीठ झाला...” मी लिहिलेली पुस्तकी भाषा दादाने केव्हाच काढून टाकली होती. त्याच्या बोलीत ते वाक्य सरळ उभं होतं. मी लिहिलं तेव्हा ते तसं उभं राहिलं नव्हतं. दोन-तीन वाक्यं वहिनीने म्हटली आणि ती अडली. पुन्हा सुरुवातीपासून म्हणून पाहिलं. पुन्हा तिथेच अडली.

“फुडचा येत नाय मना,” ती म्हणाली आणि तोंड माझ्याकडे वळवलं. “तुना येत आसल. तुजाच हाय ना.”

संहिता मी कधीच हरवली होती. मी आठवून पाहिलं. मीठ, पाणी, आवाज, त्यानंतर काहीतरी मुलाबद्दल होतं. किंवा नव्हतं. वहिनी वाट बघत बसली होती, मान माझ्या बाजूला कलती करून. आतून चुलीवरचा भात उतू गेल्याचा वास आला तरी ती उठली नाही.

मला पुढचं वाक्य येत नव्हतं.